कुत्र्याची जात आणि कुत्र्याचा लौकिक

"कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच," ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळलेली आहे कीं, ती खरी कीं खोटी हें पाहण्याची कोणास आठवणही होत नाहीं. मूळ स्वभाव कांहीं केल्या बदलत नाहीं, असा तिचा आशय. माणसांविषयीं बोलतांना आपण ती वापरतों. परंतु खुद्द कुत्र्यांविषयीं ती कितपत खरी आहे, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यांत आमच्यापुढें अकस्मात् उभा राहिला. तो कसा, तें प्रथम सांगतों.

आम्ही राहतों त्या आळींत दोन पाळीव कुत्रे आहेत. एक आळीच्या तोंडाशीं असलेल्या बंगल्यांतील थोराड अल्सेशियन. दुसरा आमच्या शेजारच्या घरांतील, कापसाच्या पेळूसारखा दिसणारा पांढरा पॉमेरियन. पहिल्याच्या फाटकाजवळ आलें कीं मुलें रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनें चालतात. दुसऱ्यास मात्र वाटेल त्यानें उचलावें, त्याचें शेपूट ओढावें, त्याच्या तोंडचें बिस्कीट काढून घ्यावें. एके दिवशीं आमच्या शाळेंतील पांचव्या इयत्तेचा एक विद्यार्थी असाच त्याच्याशीं खेळत असतां तो पांढरा कुत्रा त्याच्या मनगटास कडकडून चावला. घरच्यांनीं जखमेवर हळद दाबली, आणि "एवढेंसें तें कुत्रें! त्याचें काय विष चढणार?" असें म्हणून तो विषय संपविला. दोन दिवसांनीं वर्गांत मुलाच्या हाताचें फडकें आमच्या दृष्टीस पडलें, तेव्हां ही हकीकत आम्हांस कळली. त्याच दिवशीं त्यास व त्याच्या वडिलांस घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यांत गेलों. मुलगा सुखरूप आहे. परंतु परत येतांना वडिलांनीं जे उद्गार काढिले ते आमच्या मनांतून जाईनात. ते म्हणाले, "सर, तो अल्सेशियन चावला असता, तर आम्ही रात्रींच धांवत आलों असतों."

म्हणजे ज्यानें कोणास ओरखडाही काढला नव्हता त्या कुत्र्याची आळीभर धास्ती. आणि ज्यानें चावा घेतला त्यास केवळ त्याच्या रूपामुळें व जातीमुळें माफी! त्या माफीची किंमत एका लहान मुलास मोजावी लागण्याची वेळ आली होती. तेव्हां कुत्र्यांच्या जातींचा हा बरावाईट लौकिक येतो कोठून, आणि त्यावर किती विसंबावें, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. जर्मनींतील बॉन शहराजवळ माणसांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचीं हाडें सांपडलीं, तीं सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचीं आहेत. इतक्या दीर्घ सहवासांत कोणी शिकारीसाठीं, कोणी मेंढरें राखण्यासाठीं, कोणी पहाऱ्यासाठीं कुत्रे पाळले, आणि आपआपल्या कामास योग्य अशांचीच पैदास केली. आपल्या दक्षिणेंत मुधोळ व कारवान ह्या नांवांनीं ओळखले जाणारे लांब पायांचे, वाऱ्यासारखे धांवणारे कुत्रे असेच शिकारीसाठीं राखले गेले. परंतु आज ज्यांस आपण 'जाती' म्हणतों, त्यांतील बहुतेक अशा रीतीनें वंशावळी लिहून व रूपाचे नियम ठरवून अलीकडे बांधल्या गेल्या. इंग्लंडांत न्यूकॅसल येथें १८५९ सालीं कुत्र्यांचें पहिलें आधुनिक प्रदर्शन भरलें, आणि १८७३ सालीं लंडनांत केनेल क्लब ही संस्था निघाली. तेव्हांपासून कामापेक्षां कानांची ठेवण, केंसांचा रंग, नाकाडाची लांबी ह्यांस महत्त्व आलें. जात ही अशी पुष्कळ अंशीं रूपाची मोजपट्टी आहे.

मग स्वभाव वंशानें उतरतच नाहीं काय? उतरतो. मेंढरें वळविणाऱ्या कॉली कुत्र्याचें पिल्लूं न शिकवितांही कोंबड्यांस एका कोपऱ्यांत गोळा करूं पाहतें. पॉइंटर जातीचें पिल्लूं पक्षी दिसतांच एक पाय उचलून स्तब्ध उभें राहतें. रशियांतील शास्त्रज्ञ बेल्याएव यांनीं १९५९ सालीं सायबेरियांत कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. दर पिढींत माणसास सर्वांत कमी भिणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास करावयाची, एवढाच त्याचा नियम. थोड्याच पिढ्यांत शेपूट हालवीत माणसाजवळ येणारे कोल्हे निपजूं लागले. पुढें उलट निवड करून चवताळणारे कोल्हेही निपजविण्यांत आले. तेव्हां वंशाचें कांहींच चालत नाहीं, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं.

परंतु वंश आणि जातीचें नांव ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. २०२२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती त्यांच्या धन्यांकडून मिळविली, आणि त्यांतील २,००० हून अधिक कुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी केली. एका कुत्र्याच्या व दुसऱ्याच्या वागण्यांत जो फरक आढळतो, त्यापैकीं सुमारें ९ टक्केच जातीच्या नांवावरून सांगतां येतो, असें त्यांस दिसून आलें. त्यांतही, भीति वा त्रास झाला असतां कुत्रा किती लवकर चवताळतो, ह्याविषयीं जातीवरून जवळजवळ कांहींच सांगतां येत नाहीं. एकाच आईच्या पोटचीं दोन पिल्लें पाहिलेल्या कोणासही ह्याचें नवल वाटूं नये.

असें आहे तर अमकी जात दुष्ट व तमकी गरीब असा बोभाटा कां होतो? इतिहास पाहिला म्हणजे ह्याचा उलगडा होतो. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत ब्लडहाउंड हा कुत्रा साक्षात् राक्षस समजला जाई. वस्तुतः वास घेत माग काढण्यांत निपुण व स्वभावानें शांत असा हा कुत्रा. परंतु पळून जाणाऱ्या गुलामांचा पाठलाग कुत्रे सोडून करीत, आणि त्या सर्वच कुत्र्यांस लोक हें नांव देत. पुढें बाई हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ सालच्या 'अंकल टॉम्स केबिन' ह्या कादंबरीचीं नाटकें झालीं. एलायझा बर्फाळलेली नदी ओलांडून पळते त्या प्रसंगीं कादंबरींत कुत्रे नाहींत. नाटकमंडळ्यांनीं मात्र रंगभूमीवर खरेखुरे कुत्रे आणून प्रेक्षकांचा थरकांप उडविला. ते कुत्रेही पुष्कळदां दुसऱ्याच जातींचे असत! क्रौर्य गुलामगिरीचें, नांव मात्र कुत्र्याचें बद्द झालें.

अल्सेशियनची कथा तर ह्याहून बोधप्रद आहे. जर्मनींतील मेंढपाळांच्या कुत्र्यांपासून ही जात बांधण्यासाठीं फॉन श्टेफानिट्झ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८९९ सालीं एक संस्था काढली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांस जर्मन हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनीं आल्सेस प्रांतावरून त्यास अल्सेशियन म्हणावयास आरंभ केला. तेथील केनेल क्लबानें जर्मन शेपर्ड हें मूळ नांव परत घेतलें तें १९७७ सालीं. कुत्रा तोच; राग राष्ट्रावरचा. आतां १९२९ सालच्या दोन घटना शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें ह्या जातीचे कुत्रे देशांत आणण्यास बंदी केली. तेथील रानटी डिंगो कुत्र्यांशीं त्यांचा संकर होऊन मेंढरांचा संहार होईल, अशी ही भीति. आणि ती मेंढरें राखण्यासाठींच निर्माण झालेल्या कुत्र्याविषयीं! ही बंदी पुरतेपणीं उठावयास १९७० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. त्याच १९२९ सालीं अमेरिकेंत आंधळ्यांस वाट दाखविणारे कुत्रे तयार करणारी 'सीइंग आय' नांवाची शाळा निघाली. तिच्या मुळाशीं बडी नांवाची एक कुत्री होती. तिचा धनी मॉरिस फ्रँक हा आंधळा तरुण तिच्या भरंवशावर शहरांतील गर्दीचे रस्ते ओलांडीत असे. ही बडी जर्मन शेपर्डच होती. इंग्लंडांत १९३१ सालीं आंधळ्यांच्या हातीं दिलेल्या पहिल्या चार कुत्र्याही ह्याच जातीच्या. एका देशानें ज्यास वेशीबाहेर ठेविलें, त्याच्या हातीं दुसऱ्या देशानें आपल्या आंधळ्यांचा जीव सोंपविला. दोन्ही निवाडे खरे असूं शकत नाहींत.

आजच्या काळीं हा वाद विशेषेंकरून पिटबुल ह्या कुत्र्याभोंवतीं फिरतो. इंग्लंडांत पूर्वीं बैलास खुंट्यास बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा निर्घृण खेळ चाले. १८३५ सालीं कायद्यानें तो बंद झाला, तेव्हां शौकीन लोकांनीं बुलडॉग व टेरियर ह्यांचा संकर करून कुत्र्यांच्या चोरट्या झुंजी लावावयास सुरुवात केली. त्या संकरापासून पिटबुल निपजला. गंमत अशी कीं, ज्यास बैलांवर सोडीत तो बुलडॉग पुढें बैठकींतील सतरंजीवर घोरत पडणारा प्राणी झाला. संकराच्या वांट्यास मात्र अपकीर्ति आली. ब्रिटनच्या १९९१ सालच्या कायद्यानें पिटबुल, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो ह्या चार प्रकारांवर बंदी घातली. एक्सएल बुली हा पांचवा प्रकार त्यांत आल्यावर १ फेब्रुवारी २०२४ पासून तो परवान्यावांचून बाळगणें हा गुन्हा झाला. उलट नेदरलँड्सनें १९९३ सालीं केलेली पिटबुलची बंदी चावे कमी झाले नाहींत म्हणून २००८ सालीं मागें घेतली, आणि इटलीनें २००९ सालीं जातींची यादी रद्द करून जबाबदारी धन्यावर टाकली. आपल्या देशांतही १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें पिटबुल, रॉटवायलर इत्यादि २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबवावी असें राज्यांस कळविलें. परंतु संबंधितांचें म्हणणें न ऐकतां हें पत्रक काढिलें ह्या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयानें एप्रिल महिन्यांत तें रद्द ठरविलें.

बंदी मागणारांचें म्हणणें पोकळ आहे असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंत १९७९ ते १९९८ ह्या वीस वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या ज्या २३८ मृत्यूंबाबत कुत्र्याची जात नोंदलेली होती, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिटबुल वा रॉटवायलर ह्या प्रकारचे कुत्रे होते. कुत्र्याच्या अंगांत बळ जितकें अधिक, तितकी त्याच्या एका चुकीची किंमतही अधिक. पॉमेरियनच्या चाव्यानें मनगट फाटतें. चाळीस किलोंच्या कुत्र्याच्या चाव्यानें जीव जाऊं शकतो. ज्या मातापित्यांनीं असें मूल गमावलें त्यांस वंश व जात ह्यांतील सूक्ष्म भेद ऐकविणें निष्ठुरपणाचें होईल.

तथापि त्याच अहवालांत असेंही होतें कीं, हे मृत्यु निदान २५ जातींच्या कुत्र्यांकडून घडले, आणि कुत्र्याची जात निश्चित ओळखणें कठीण आहे. येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं गणिताच्या तासाची आठवण करावी. एका शाळेंतील ४० मुलें परीक्षेंत नापास झालीं व दुसरींतील ५, तर वाईट शाळा कोणती? पहिली, असें उतावळा विद्यार्थी सांगेल. परंतु पहिलींतून ८०० मुलें बसलीं होतीं व दुसरींतून २०, हें कळतांच उत्तर उलटें होतें. अंशाबरोबर छेदही पाहावा लागतो. अमुक जातीचे कुत्रे इतक्यांदां चावले, हा अंश; त्या जातीचे एकंदर कुत्रे किती, हा छेद; आणि हा छेद बहुधा कोणापाशींच नसतो. शिवाय अंशही भेसळीचा असतो. धिप्पाड, आंखूड केंसांचा, रुंद जबड्याचा कोणताही कुत्रा चावला कीं लोक त्यास पिटबुल म्हणून मोकळे होतात. आणि आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुसंख्य गांवठी कुत्र्यांस तर कोणत्याही वंशावळींत नांवच नाहीं. त्यांस कोणती यादी लागू करावी?

मग चावण्याचें खरें कारण कोणतें? अमेरिकेंतील बार हार्बर येथील संशोधकांनीं १९६१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉकर स्पॅनियल व बीगल ह्या अत्यंत गरीब समजल्या जाणाऱ्या जातींचीं पिल्लें त्यांनीं उंच कुंपणाच्या आंत, माणसाच्या सहवासावांचून वाढविलीं. कांहीं पिल्लांस ठराविक आठवड्यांत माणसाचा सहवास दिला. कांहींस चौदा आठवडे मुळींच दिला नाहीं. हीं शेवटचीं पिल्लें रानटी जनावरांप्रमाणें भेदरट झालीं व पुढेंही माणसाळलीं नाहींत. जातीचा गरीबपणा त्यांच्या कामीं आला नाहीं. ह्याच्या उलट उदाहरण २००७ सालचें आहे. अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत कुत्र्यांच्या झुंजी लावणाऱ्या एका टोळीकडून सुमारें पन्नास पिटबुल जप्त झाले. अशा कुत्र्यांस मारून टाकण्याची तेव्हां रीत होती. परंतु ह्या वेळीं एकेका कुत्र्याची स्वतंत्र परीक्षा झाली. दोनचार वगळतां सर्व वांचले, पुष्कळ जण घरोघरीं नांदले, आणि कांहीं तर रुग्णांच्या भेटीस नेण्याइतके शांत निघाले.

जन्मानें आलेला स्वभाव, पहिल्या तीन महिन्यांतील संगोपन, धन्याचें वर्तन आणि त्या क्षणींचा प्रसंग, हीं चारही एकत्र येऊन चावा घडतो. कुत्रा बहुधा भीतीनें, वेदनेनें, अन्न वा पिल्लें राखण्यासाठीं चावतो. रात्रंदिवस सांखळीला जखडलेला, काठीनें डिवचलेला कुत्रा कोणत्याही जातीचा असो, तो चिडखोर होतो. आणि चावण्यापूर्वीं तो बहुधा सूचना देतो. अंग ताठ होतें, तो तोंड फिरवितो, जीभ ओठांवरून फिरवितो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसूं लागतो, तो गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्यास मारूं नये; मारल्यानें राग जात नाहीं, सूचना मात्र जाते. शेपूट हालणें म्हणजे प्रेमच असेंही नव्हे. आणि भुंकणारा कुत्रा चावत नाहीं, ह्या म्हणीवर तर कोणीही आपलें पाऊल टाकूं नये!

म्हणून मुलांनो, जात कोणतीही असो, एवढें पाळा. धन्यास विचारल्यावांचून परक्या कुत्र्यास हात लावूं नका. जेवणाऱ्या, निजलेल्या वा पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे जाऊं नका. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढें धांवूं नका. हात अंगाशीं घेऊन स्तब्ध उभे राहा व त्याच्या डोळ्यांकडे रोखून पाहूं नका. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, चावा घेणाऱ्याची जात विचारण्यांत वेळ घालवूं नये. जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट कांहीं लावूं नये. आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पिसाळण्याचा रोग एकदां उमटला म्हणजे त्यावर बहुधा उपाय चालत नाहीं. परंतु पाश्चर यांनीं १८८५ सालीं जी लस प्रथम माणसास टोचली तिच्या आजच्या सुधारलेल्या रूपानें तो टाळतां येतो. पोटांतील चौदा इंजेक्शनांची भीति आतां उरलेली नाहीं. दंडांत थोड्याच टोचण्या पुरतात, मात्र त्या सर्व घेतल्या पाहिजेत.

मराठींत 'जात' हा शब्द कुत्र्यांसही लावतात व माणसांसही. कुत्र्यांच्या जाती माणसांनीं मुद्दाम पैदास करून घडविल्या. त्यांच्या मागें निदान शरीराचा वंश तरी आहे. इतकें असूनही नांवावरून एकेका कुत्र्याचा स्वभाव सांगतां येत नाहीं. माणसांच्या जातींस तर तेवढाही आधार नाहीं. तेथें नांवावरून गुण ठरविणाराच्या पदरीं काय पडत असेल, ह्याचा विचार सूज्ञ वाचकांनीं करावा.

असो. आमच्या आळींतील त्या पांढऱ्या कुत्र्यावरही आमचा रोष नाहीं. त्याच्या तोंडचें बिस्कीट ओढलें गेलें होतें, आणि तो गुरगुरला तेव्हां सर्व जण हंसले होते, असें मागाहून मुलानेंच सांगितलें. आतां त्याच्या धन्यानें त्यास लस टोचून घेतली आहे, आणि आळींतील मुलें त्यास हात लावण्यापूर्वीं विचारतात. फाटकांतल्या अल्सेशियनजवळून जातांना मात्र तीं अजूनही रस्ता ओलांडतात. कुत्र्याचें शेपूट वांकडें कीं सरळ, हें जन्मानें ठरत असेल. त्याचे दांत केव्हां लागतात, ह्यांत मात्र आपलाही हात असतो.